कांदळवनात राहिलेला टाक

आमच्या लालबागच्या घरात एकतीस वर्षं देवघराला सासूबाईंशिवाय कुणी हात लावत नसे. गेल्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले आणि एका सकाळी त्यांनी पूजा माझ्याकडे दिली. कुलदेवीचा चांदीचा टाक माझ्या तळहातावर ठेवला. मी जिद्दीची बाई. चूक म्हणून होऊ द्यायची नाही, असं ठरवून कामाला लागले. पण मनात पाल चुकचुकत होतीच, की देवीला माझ्या हातची पूजा रुचते का, आणि सासूबाईंना तरी रुचते का.

त्या रविवारी लेकीने ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जायचं ठरवलं होतं. खाली टॅक्सी उभी, लेक हाका मारतेय आणि मी चिंच लावून देव घासतेय. घाईघाईत निर्माल्य कागदात गुंडाळलं. अनायासे खाडीत सोडता येईल, हा माझा हिशेब. कांदळवनातल्या लाकडी पुलावर पोचलो तेव्हा ओहोटी सरत आली होती आणि लांबवर गुलाबी पक्षी चिखलात चोची घालून चरत होते.

"आई, इथे काही टाकायचं नसतं गं! बोर्ड वाच ना," लेक म्हणाली.

"फुलंच तर आहेत," म्हणत मी पुडी भिरकावली. ती चिखलात पडून उघडली आणि झेंडूंमध्ये चांदी चमकली. घासलेला टाक मी सुकायला त्याच कागदावर ठेवला होता.

लेक कुणाला तरी बोलवायला धावली, तोवर मी साडी खोचून खाली उतरलेही होते. टाकाशिवाय घरी जायचं नाही, एवढंच डोक्यात. थोडी पुढे गेले आणि मांडीपर्यंत रुतले. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. तिवरांची मुळं टोचत होती, भरतीचं पाणी चढत होतं, आणि मी आपली देवीला "आई, टाक मिळू दे" म्हणत पुढेच झुकत होते. स्वतःसाठी काही मागायचं सुचलंच नाही. पाणी कमरेशी आलं तेव्हा मात्र बळ संपलं. मी म्हटलं, "आता तुझं तू बघ."

तेवढ्यात तिवरांच्या आडून शिंपल्या वेचणारी एक कोळीण फळी ढकलत आली. "बाय, पाय नको झाडू! जितकी झगडशील तितकी आत जाशील. पाठीवर रेल. अंग सोड."

अंग सोडणं मला जन्मात जमलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. तिने मला काखेत धरून सावकाश फळीवर ओढलं. ती एरवी पलीकडच्या काठाला असते म्हणे. आज इकडे कशी, असं विचारलं तर म्हणाली, "आले." टाक तोवर पाण्याखाली गेला होता. मी "देवीचा टाक" म्हणत तिकडे हात करत राहिले, तर तिने दटावलं, "देवीला चिखलाचं भ्या नाय. तू चल."

घरी येईपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. सासूबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझे ओरबाडलेले पाय जवळ ओढले आणि हळद मागितली. ती लावता लावता माझ्यावरच डाफरल्या, "टाक सोनार घडवील गं. सून कुठून घडवून आणली असती मी?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

निर्माल्य आता कुंडीतल्या मातीत जातं. नवा टाक दसऱ्याला येईल. तोवर सुपारी मांडून पूजा करते, आणि हात जोडले की तो चिखल आठवतो. मी टाकासाठी हट्ट धरून बसले होते. देवीने तो ठेवून घेतला आणि मला सासूबाईंकडे परत धाडलं.