मामांचा घाट आणि चालणारं पाणी

वाहतं पाणी दिसलं आणि आमचे धाकटे मामा गप्प बसले, असं जुन्नर तालुक्यात कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. न्हाणीतलं पाणी अळूला, अळूतून उरलेलं केळीला. पाहुणा हात धुवायला उठला, तरी मामा त्याला खांद्याला धरून कढीपत्त्यापाशी उभा करायचे. मुलीच्या लग्नात वळीव आला तेव्हा सगळे जिलेबीची पातेली उचलायला धावले आणि मामा नवा फेटा सांभाळत मांडवात चर खणत बसले. मामी म्हणाली, "यांचं लगीन पाण्याशीच लावाय पायजे व्हतं."

हे वेड लागलं ते बैलगाडा शर्यतीच्या घाटावर. पावसाळ्यात त्या चढाच्या धावपट्टीवर ओघळी पडायच्या, आणि नव्वदच्या सुमारास तशाच एका ओघळीत मामांच्या राजा बैलाचा पाय मोडला. राजा पुन्हा पळाला नाही. मग मामांनी घाटाच्या दोन्ही कडांना उथळ चर काढले, त्यांत हराळी लावली, खाली गाळ बसायला खड्डा केला. म्हणजे पाणी मुरेल आणि ओढ्याकाठच्या विहिरीत गढूळ उतरणार नाही. यात्रा कमिटीला हवी होती सिमेंटची गटारं. मामा म्हणाले, "पळायचं काम बैलांचं. पाण्यानं आपलं चालावं, राव."

पण चैत्रातल्या यात्रेत ती हिरवीगार हराळी बघून मामांचेच बैल भर शर्यतीत कडेला वळले आणि चरायला लागले. गाड्यापुढे पळणारी घोडी एकटीच वर पोचली. भोंग्यावरून आवाज आला, "घोडी आली, बैलं जेवाय बसली!" मामांसकट सगळा घाट हसला. कमिटीनं मात्र त्याच संध्याकाळी चर बुजवायचं ठरवलं. मामांनी फेटा काढून हातात घेतला. "एक पावसाळा थांबा. यात्रेआधी शेरडं सोडून हराळी चारून घीन. पर एक जरी ओघळ पडली, तर चर मीच बुजवतो." त्या पावसाळ्यात ओघळ पडली नाही, विहीर गढुळली नाही आणि सिमेंटचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

पुढे शर्यतींवर बंदी आली. बैल विकले गेले, घाट ओस पडला. तरी दर पावसाळ्यात मामा खोरं खांद्यावर टाकून निघायचेच. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, आता पळतंय कोण तिथं?"

"आज न्हाई. पर उद्या सुरू झाल्या म्हंजी? पुन्यांदा कुणाच्या राजाचा पाय मोडाय नको."

शर्यती सुरू झाल्या तेव्हा मामा नव्हते. बैल सुसाट वर जातात, एकाचाही पाय अडखळत नाही, आणि का अडखळत नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सगळे गुलालात न्हाऊन निघतात. मी कडेच्या हराळीकडे बघत राहतो, आणि मला मामांची फार आठवण येते.