देवाचे हार परत

"स्टेजचं राहू दे. देवाचे हार तेवढे घेऊन जा."

लग्नाच्या हॉलच्या दारात काकू म्हणाल्या. हातात दिलेसुद्धा नाहीत. परात खाली ठेवली आणि पायानं माझ्याकडे सरकवली. मोगऱ्याचे पाच हार. माझ्याच हातचे.

काकू इथल्याच, हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या, आपल्या मराठी. दोन वर्षं त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला फुलं माझीच. अंबरपेठेत आमच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत माझा धंदा. चार घरांत माझं नाव त्यांनीच सांगितलं. नाव म्हणजे नुसतं नाव. आडनाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भ्याले होते, दुसरं काय!

पुढच्या खोलीत बुद्धाचा फोटो आहे. आईची रीत, ऑर्डर कुणाचीही असो, पहिला गजरा त्याला. गिऱ्हाईक यायच्या आधी मी फोटोवर पडदा ओढायची. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काकू मुंडावळ्या बघायला आल्या, तेव्हा माझे हात ओले होते. पडदा राहून गेला.

काकूंनी फोटो पाहिला, गजरा पाहिला. "छान झाल्यात मुंडावळ्या," म्हणाल्या आणि उठल्या. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला. मी ओळखायला हवं होतं. पण आशा मेली सुटत नाही.

म्हणून दारात मूर्खासारखं विचारलं, "काकू, काय चुकलं?"

"आधी सांगायचं ना गं. देवाचं असतं ते." मग जरा हसून, "स्टेज मात्र सुरेख केलंस हो."

ते हसणं मला लागलं. परातीपेक्षा जास्त लागलं. पाहुण्यांनी फोटो काढायला माझा हात चालतो, देवाला चालत नाही.

मी स्टेजवर चढले. झेंडूच्या माळा ओढून काढल्या, शेवंतीची झालर उतरवली. काकू ओरडत होत्या. पाहुणे बघत होते, बघू देत. नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांना तेवढा हात लावला नाही. लेकरू रडत होतं. तिचा काय दोष?

त्याला आता आठ महिने झाले. नल्लकुंट्यातून एक फोन नाही, विद्यानगरातून नाही. काकूंनी कुणाकुणाला काय सांगितलं, मला कळतं. जी बाई रस्त्यात थांबून बोलायची, ती आता मोबाईलमध्ये बघत जाते. खोटं कशाला बोलू, धंदा बसला. पुन्हा उभा राहील असं मला वाटत नाही.

नवरा म्हणतो, "कायकू जिद्द करतीस? फोटो आतल्या खोलीत लाव. लोकं विसरतात."

"नक्को," म्हटलं. "मी नाही विसरत."

दारावरच्या पाटीवर आता आडनाव आहे, ठळक अक्षरात. वाचून परत फिरणारे फिरतात. मी खिडकीतून बघते.

पडदा मी हॉलवरून आले त्याच दिवशी ओरबाडून काढला. ते कापड ओलं करून आता फुलांवर टाकते, सुकू नयेत म्हणून. बुद्धावर परत टाकणार नाही. एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी नाही.