पारूमावशीचा तिटकारा

वाटेत रानमोडी दिसली की पारूमावशी थांबायची आणि थुंकायची. सोबत कोण आहे, मागून बस येते आहे का, कशाचीच पर्वा नाही. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मी मुळगावला शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी ती थुंकी माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडली.

"तुका न्हय गे टीचरबाय," ती म्हणाली, "ह्या मेल्याक."

मेलं म्हणजे कमरेएवढं माजलेलं हिरवं झुडूप. त्याचं पान चुरगाळून तिनं माझ्या नाकाशी धरलं. तो उग्र दर्प दुपारपर्यंत जाईना. डबा मी तसाच परत नेला.

"गोरूं तोंड लायना. वाऱ्यार आयलें आनी सगळो दोंगर गिळ्ळो."

चवथीला गणपतीच्या डोक्यावर छतासारख्या बांधायच्या माटोळीसाठी ती रानातून कांगलां, घागऱ्या, कवंडळं अशी रानफळं आणून डिचोलीच्या बाजारात विकायची. दरवर्षी तिला अधिक लांब जावं लागे. वेली रानमोडीखाली घुसमटून मरत होत्या. गावातल्या चार पुढाऱ्यांना तिनं सांगून पाहिलं. त्यांनी हसून चहा दिला. मीही एकदा बोलून गेले, "निदान डोंगर हिरवा तरी दिसतो, मावशी."

"गटारारूय हिरवें येता. थंय बसून जेवतलें?"

एका वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेले, तर मावशीच्या नेहमीच्या जागेभोवती गर्दी. तिच्या पाटीत काठोकाठ रानमोडीच भरलेली. उन्हानं मलूल झालेल्या पानांचा वास मळमळ आणत होता. एक कापडवाले शेट नाकाला रुमाल लावून ओरडले, "मावशे, देवाच्या माटोळयेक ही घाण?"

"म्हज्या दोंगरार हेंच उरलां शेट. तुमी नाक धरतात, आनी देवाक नाक ना? सगळ्यांत व्हडलें नाक ताचें!"

कुणीच हसलं नाही. मी हळूच काढता पाय घेत होते, तेवढ्यात तिची नजर पडली. "टीचरबाय, तुजी माटोळी घे." एक जुडी माझ्या हातात कोंबली. डोंगराचं काय झालंय ते मला ठाऊक होतं, आणि तरीही मी पळत होते. स्वतःचीच शिसारी आली. ती जुडी धरून मी संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिले, आणि थांबेल त्याला डोंगराची अवस्था सांगत राहिले.

पुढच्या रविवारी पाच-सहा बायका तिच्यामागून डोंगर चढल्या. नंतर वाढल्या. फुलण्याआधी, ओल्या मातीतून उपटायचं. कुणी नुसतं मोडलं की ती कडाडायची, "मुळासकट काड गो! शेंडो मोडून कितें जाता?" हात आठवडाभर घाण मारत. आम्ही दोन पावसाळे डोंगराची एक बाजू मोकळी केली.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ती तापानं गेली. चार दिवसांत सगळं आटोपलं.

पाऊस पडल्यावर आम्ही तिच्याशिवाय वर गेलो. मोकळ्या जागेत बोटभर रोपं दाटली होती. रानमोडी आता आम्ही डोळे मिटून ओळखतो. ती भराभर उपटली. खाली दोन-दोन पानांचं बरंच काही उरलं.

"हें कितें गो?" एकीनं विचारलं.

कुणालाच सांगता येईना. काय उपटायचं ते आम्ही तिच्याकडून शिकलो होतो. काय राखायचं, ते विचारायचं राहून गेलं.