खालचे बोट

गोधडी आमच्या गावात घरोघरी शिवली जाते. तरीही गोधडीवाली म्हणून ओळखली जाणारी बाई एखादीच असते. जिच्या ओट्यावर दुसऱ्या घरांची गाठोडी येऊन पडतात ती गोधडीवाली, अशी इथली सरळ समजूत आहे. त्या समजुतीने माझी पत्नी गोधडीवाली होती. लोक जुनी लुगडी, धोतरे तिच्यापुढे टाकून जात आणि पुढे कधीतरी गोधडी घडी घालून घेऊन जात. मी त्या कामाकडे लक्ष दिले नाही. ते बायकांचे काम होते आणि मला शेत होते.

शिवणे मलाही येत होते. सोयाबीनचे पोते भरले की दाभणात सुतळी ओवायची आणि तोंड आवळून टाकायचे. मी शिवलेले पोते रिसोडच्या बाजारात गाडीवरून खाली फेकले तरी उसवत नसे. याचा मला अभिमान होता.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पत्नीच्या उजव्या अंगावरून वारे गेले. वाशीमच्या दवाखान्यातून ती परतली तेव्हा वाचा शाबूत होती, पाय ओढत चालता येत होते. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. घरात एक गोधडी अर्धी होती. आमची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती, तिच्या लेकरासाठी. वरचे कापड पत्नीच्या आईच्या लुगड्याचे, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. तसे दुसरे घरात नव्हते. हल्लीच्या साड्या सुईखालून निसटतात. कडेचे फेरे झाले होते, मधला भाग रिकामा होता. लेकरू येण्याआधी गोधडी पुरी व्हावी, एवढेच तिला हवे होते. हाताविषयी ती कधी बोलली नाही, गोधडीविषयी रोज बोलत असे.

सून म्हणाली, “आत्याबाई, रिसोडले मशीनवाला हाये. एका दिवसात मारून देते.”

“मशीनची कडक येते. लेकराच्या अंगाले रुतते.”

“मंग मी शिवतो बसून,” सून म्हणाली.

“तू कवा शिवतं वं? सोयाबीनची सोंगनी तोंडावर आली.”

शेत मुलाच्या हाती दिल्यापासून मला काम उरले नव्हते. मी म्हणालो, “मी शिवतो.”

पत्नी माझ्याकडे पाहत राहिली. “तुमी?”

“त्यात काय हाये? जन्मभर पोते शिवले.”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलो. शेजारीण तोंडाची फटकळ. पाणी घेऊन जाता जाता ती थांबली.

“अवं माय! भाऊजीनं तं सुई धरली. आता बांगड्या बी भरा म्हना!”

“भरतो. कासार आला की पाठवजो त्याले.”

“हिरव्या का लाल?”

ती हसत गेली.

दुपारपर्यंत मधल्या भागाची एक बाजू झाली. टाके बारीक होते, ओळ सरळ होती. मला काम चोख वाटले. पत्नीने गोधडी बाजेवर उलटी करून घेतली आणि तिच्यावरून डावा तळहात फिरवला.

“उसवा.”

“काहून?”

“हे पोतं नोहे. पोत्यातून दाना सांडू नये म्हनून आवळा लागते. याच्यात लेकरू निजते.”

कापड खरोखरच चुणले होते. प्रत्येक टाका मी शेवटी हिसका देऊन बसवला होता. हात आपोआप तसे करीत होता. मी उसवले. पुढच्या खेपेस हिसका टाळला, तर सुई खालच्या थरापर्यंत पोचलीच नाही. वरून सगळे ठीक दिसत होते. तिने उलटी बाजू चाचपली. तिथे टाकाच नव्हता.

“उसवा.”

“पुन्हा?”

“माह्या मायचं लुगडं हाये ते. भोकं पाडून राह्यले तुमी त्याले.”

ती रागावली होती आणि राग खोटा नव्हता. प्रत्येक उसवणीसरशी जुने कापड विरत होते, हे मलाही दिसत होते. असेच चालले असते तर शिवायला काही उरले नसते. मी गोधडीची घडी केली आणि रिसोडला पाठवू म्हणालो.

ती बाजेवर थोडी सरकली. मग म्हणाली, “इकडं या. बाजेवर बसा.”

मी बसलो. तिने घडी मोडायला लावली आणि आपला डावा हात गोधडीखाली सरकवला.

“आता टोचा.”

“तुह्या बोटाले लागन.”

“लागलं म्हनजे पोचली. तवाच वर काढा.”

तेव्हा समजले. सुई वरचा हात चालवतो. टाका खालचे बोट ठरवते. टोक बोटाला लागले की सुई परत फिरवायची, आधी नाही आणि नंतरही नाही. तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढा घट्टा होता. इतकी वर्षे संसार करून तो मी त्या दिवशी पाहिला. त्या हाताला वाऱ्याने धक्का लावला नव्हता.

सोंगणी संपेपर्यंत आम्ही तसे बसत राहिलो. सुई माझी, बोट तिचे. ती “हूं” म्हणे आणि मी सुई वर काढी. हिसक्यासाठी माझा हात उचलला जाऊ लागला की ती खालून कापड दाबून धरी. याहून जास्त बोलणे होत नसे.

शेजारीण एकदा डोकावली. “लगनात तं इतके जवळ बसले नसान!”

“तवा ह्यायच्या हातात सुई नोती ना,” पत्नी म्हणाली.

आमच्याकडे गोधडी उपाशी सोडत नाहीत. शेवटी मधोमध एक ठिगळ लावतात आणि त्याखाली भाकरीचा तुकडा ठेवतात. सुनेने तुकडा आणून दिला, पत्नीने तो डाव्या हाताने जागेवर ठेवला, मी ठिगळ शिवले. तिने गोधडी उलटी करून तळहात फिरवला. ती उसवायला सांगेल म्हणून मी थोडा वेळ थांबलो, मग दोरा तोडला.

लेक आली, नात झाली. गोधडी तिच्याखाली अंथरली गेली, भिजली, धुतली गेली, दोरीवर वाळत पडली. मला पुन्हा काम उरले नाही. एका जुन्या धोतराचे थर करून, स्वतःचेच बोट खाली घालून मी टाके घालून पाहू लागलो. बोट रोज टोचत असे. पत्नी बाजेवरून पाहत असे. एकदा म्हणाली, “टोचू द्या.”

थंडी सरत असताना शेजारीण गाठोडे घेऊन आली. तिची सासू नुकतीच वारली होती. गाठोडे तिने पत्नीपुढे ठेवले.

“वैनी, बुढीचे लुगडे हायेत. तुमी सांगसान तशी एक गोधडी पाह्यजे.”

पत्नीने गाठोड्याला हात लावला नाही. “मले काहून देतं? त्यायले दे.”

शेजारीण माझ्याकडे वळली. बांगड्यांचा विषय तिने काढला नाही. गाठोडे उचलून माझ्यासमोर ठेवले आणि उभी राहिली.

मी गाठ सोडली. सर्वांत वरचे लुगडे काठाजवळ विरले होते. बोटांनी ताणून पाहिले.

“हे आतल्या थरात घालू,” मी म्हणालो. “वरून कोनतं पाह्यजे?”