धाकटीचा तिरपा डोळा

माझी नात पुण्याकडे डोळ्यांच्या एका प्रयोगशाळेत काम करते, आणि तिथं तिच्या हाताखाली बुटक्या जातीची डुकरं आहेत, हे मी आमच्या वसाहतीतल्या, सेक्टर सहाच्या एकाही बाईला सांगितलं नव्हतं. डोळ्यांवर संशोधन करते, एवढंच मी म्हणायची आणि चिवड्याची ताटली पुढे सरकवायची.

मागच्या महालक्ष्म्यांना ती घरी आली. माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून दहा-बारा दिवस झालेले, डाव्यात अजून धुकं. दिवसातून चारदा थेंब तीच टाकायची. हात धुवून, पुसून, पापणी जराशी खाली ओढून, बरोबर एकच थेंब. टाकता टाकता सांगायची. उंदराचा डोळा अगदीच बारका, पण डुकराचा जवळपास आपल्याएवढा, आतला पडदाही पुष्कळसा आपल्यासारखा. म्हणून नजर जाते त्यावरचे नवे इलाज आधी त्यांच्यावर पाहतात. मोठी डुकरं आवरणार कोण, म्हणून ही लहान जात. सफरचंदाच्या फोडी देऊन त्यांना शांत उभं राहायला शिकवलंय म्हणे. प्रयोग संपला की बहुतेकांना मारावं लागतं, त्या दिवशी तिला जेवण जात नाही, हेही तिनं सांगितलं. ती सांगत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या बाजूच्या मरोद्याच्या वस्तीतली, नालीत लोळणारी डुकरं.

आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळेचे. घरच्या तुपाचं काजळ धरायचं आणि त्यानं दोघींचे डोळे काढायचे. दहा वर्षांची होती तेव्हापासून हे काम तिचं. त्या सकाळी ती न्हाऊन आली, काडीला कापूस गुंडाळून बसली, आणि मी म्हटलं, "राहू दे बाई, यंदा मी काढतो."

"कावून, आजी?"

"तू तिथं त्याईले हात लावतं ना."

तिनं काडीवरचा कापूस उलगडला, पाटावर ठेवला आणि उठली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मी काढले. एका डोळ्यात धुकं, दुसऱ्याला अजून चष्मा नाही. थोरलीचं कसंबसं जमलं. धाकटीचा डावा डोळा चालला कपाळाकडे. पुसून पुन्हा केला तर आणखी पसरला.

दुसऱ्या दिवशी जेवायला बाया आल्या. एकीनं विचारलंच, यंदा पोरीनं नाही काढले वाटते? मी पटकन सांगितलं, तिला अडचण आहे, शिवायचं नाही. पोरगी पुरणपोळ्यांचं ताट घेऊन मागच्या दारातच उभी होती. तिनं ते आवाज न करता ओट्यावर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. वाढायला आली असती तर मी खोटी पडली असती. माझं खोटं तिनं सांभाळलं, ते पण उपाशीपोटी.

बाया गेल्यावर थेंबांची बाटली घेऊन आली. मी मान वर केली, तिनं पापणी ओढली. देवीला जो हात चालला नाही तो माझ्या कापलेल्या डोळ्याला चालत होता, दिवसातून चारदा, आणि हे मला तेव्हा सुचलं, आधी नाही. थेंब टाकून ती हळूच म्हणाली, "मी तिथं हातमोजे घालते, आजी."

मी बाटलीचं झाकण उचलून तिच्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी मुखवटे उतरवायच्या आधी मी काजळाची डबी तिच्यापुढे ठेवली. धाकटीचं नीट कर म्हटलं.

"आता तर निघाल्या त्या."

"जाताना तरी सरळ पाहतील."

तिनं केला नीट. पण घरात आम्ही दोघीच होतो, पाहायला कोणी नव्हतं. माझी हिंमत तेवढीच.

हिवाळ्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. थेंब टाकायला येते म्हणाली, मी विचारायच्या आधीच. आता आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काही लिहा म्हणाले, तर हेच लिहिलं, कारण त्या दिवशी जेवायला आलेल्या बाया हा अंक वाचतात. तिला त्या दिवशी कसलीच अडचण नव्हती. ती डुकरांच्या डोळ्यांवर काम करते, आणि मी तिला बाहेर बसवलं.