फांदीवरच्या माणसाचं पोट

मुकालाईनं रंगवलेला फांदीवरचा माणूस टांगलेला नाही, असं घर एकेकाळी लुबुम्बाशीच्या तांब्याच्या खाणीलगतच्या वस्तीत सापडलं नसतं. चित्र ठरलेलं. नदीवर झुकलेलं झाड, झाडाला लोंबकळणारा गडी. काठावर सिंह, पाण्यात जबडा वासलेली सुसर, अन् फांदीवरून सरपटत येणारा साप. पळायला वाट नाही. लोक त्या चित्राला 'अडकला' म्हणायचे. लग्नात भेट द्यायचे, बैठकीत लावायचे, पाहुणा आला की बोट दाखवून पोट धरून हसायचे.

मग खाण बंद पडली. लोकांनी आधी चित्रं घेणं सोडलं, मग खुर्च्या विकल्या. पुढं भिंतीवरची जुनी चित्रं उतरवून कुणी छपराच्या भोकाला लावली, कुणी पोरांच्या अंगाखाली घातली. मुकालाई दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. दुकानंही मिटली. भल्या उंचापुऱ्या मुकालाईचा वाळून बांबू झाला.

अशात बाजारामागच्या दारूच्या दुकानवाल्या फेलिसीनं निरोप धाडला. नवी भिंत मोकळी दिसते, 'अडकला' पाहिजे. संध्याकाळी गिऱ्हाईक यायच्या आत आणलं तर टोपलंभर पीठ मिळेल.

घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. होतं ते वाडगाभर कसाव्याच्या कंदाचं पीठ, तेही बायकोनं, मुजिंगानं, पोरींसाठी राखलेलं. चित्राला कापड म्हणजे पिठाचं रिकामं पोतं. त्याला पिठाची खळ चढवली नाही तर रंग वाळूत पाणी मुरावं तसा मुरतो. मुजिंगा नदीकडं पाला खुडायला गेली होती. मुकालाईनं वाडग्याकडं पाहिलं, मग निम्मं पीठ ओतून खळ शिजवली अन् कापडाला फासली.

मुजिंगा परतली ती थेट वाडग्याकडं.

"निम्मं पीठ कुठं गेलं?"

"कापडाला लावलं."

तिनं भिंतीवर वाळत टाकलेल्या पोत्याकडं पाहिलं. "आता पोरींनी कापड चाटायचं व्हय?"

"सांजच्याला टोपलंभर येतंय, मासेंगोच्या आई."

"येतंय. खाणीचा पगारबी असाच येत हुता."

तो रंगवायला बसला. सिंह, सुसर, साप हे हातानंच काढले, डोकं लागलं नाही. माणूस काढताना मात्र हात त्याचा राहिला नाही. आधी बरगड्या उमटल्या. मग पाठीला टेकलेलं पोट. मग काठ्यांसारखे दंड. कापड उचलून बाहेर निघाला तेव्हा मुजिंगा म्हणाली, "ह्ये तर तुम्हीच की."

फेलिसी गल्ल्यामागं पेले विसळत होती. ओल्या हातानं तिनं कापड धरलं अन् फांदीवरच्या गड्याकडं बोट रोखलं.

"ह्यो कोण रं?"

"अडकलेला, काकी. नेहमीचाच."

"नेहमीच्याला पोट हुतं. टोपी हुती, मनगटावर घड्याळ हुतं. तसला गडी लोंबकाळला की बघायला मजा येती. ह्याला खाऊन त्या सिंहाची एक दाढबी ओली व्हायची न्हाई."

"दिस तसले आल्यात, काकी."

"दिस मला नगो सांगू. माझं गिऱ्हाईक घरची भूक इसरायला हितं येतं, तीच भिंतीवर टांगू व्हय?" तिनं कापड परत केलं. "खाऊ घाल त्याला. दिवे लागायच्या आत आण. न्हाईतर चुलीत घाल."

घरी येऊन त्यानं डबे खरवडले. तपकिरी रंग बोटभर निघाला. त्यात चेहरा झाला असता, पोट नाही. बरगड्या बुजवायच्या तर जाड लेप हवा, अन् घरात घट्ट असं एकच होतं. उरलेल्या पिठाची मुजिंगानं पेज केली होती. भांडं मधे ठेवून दोघी पोरी ती निवायची वाट बघत बसल्या होत्या.

मुकालाई दारात उभा राहिला. त्याच्या हातातला रिकामा डबा मुजिंगानं पाहिला अन् तिला कळलं.

"किती लागंल?"

"दोन पळ्या. तीनबी लागतील."

थोरलीनं, मासेंगोनं, भांड्याचा काठ दोन्ही हातांनी धरला. मुजिंगानं तिचं एकेक बोट सोडवलं. धाकटी रडली नाही, नुसती आईच्या हाताकडं बघत राहिली. मुजिंगानं तीन पळ्या डब्यात ओतल्या.

"घाला त्याला," ती म्हणाली. "त्यो जेवला तर ह्या जेवतील."

मुकालाईनं त्याच पळीनं पेजेत रंग कालवला, विटेची पूड घातली अन् तळहातानं त्या माणसाच्या फासळ्यांवर थापली. पोट सुटलं. गाल भरले. वर टोपी आली, घड्याळ आलं. रंगावर खळ टिकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाळली की तडकते, तडकली की पोपडे धरते. शिकत असताना याच चुकीपायी मामानं त्याच्या बोटांवर वेताची छडी मारली होती.

फेलिसीनं चित्र लावलं अन् मागं सरून पाहिलं. आधीच येऊन बसलेले दोघं हसायला लागले.

"अरं, ह्यो तर आपला खाणीवरचा सायब. ती टोपी बघ."

"कसा लोंबतोय बघ लेकाचा. सुसरीला आज मेजवानी हाय."

फेलिसीनं पोटाला बोट लावलं. बोटाला रंग आला. "वल्लं हाय अजून."

"चार दिस हात लावू नगा, काकी."

तिनं टोपलं भरलं अन् वरचं जास्तीचं पीठ तळहातानं सारखं करून परत पोत्यात ढकललं.

मुकालाई टोपलं छातीशी धरून झपाझप चालत निघाला. चार दिवस. फार तर आठ. मग पोट गळून पडणार अन् भरल्या दुकानात त्या फासळ्या बाहेर येणार. फेलिसी सोडणारी बाई नव्हती. दोन भावांना घेऊन दारात उभी राहील, टोपलं मागंल.

मुजिंगानं पाणी उकळत ठेवलंच होतं. टोपल्यात हात घालून तिनं अंदाज घेतला. "निम्म्याचा बुकारीचा गोळा घोटते. निम्मं उद्याला."

"ठेवू नगस. समदं शिजव."

"समदं? का वं?"

"तिनं परत मागायच्या आत पोटात जाऊ दे."

मुजिंगानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. टोपलं उचललं अन् सगळं भांड्यात उपडं केलं. चुलीच्या पलीकडं मासेंगो मघाची पळी घेऊन बसली होती, अन् दांड्याला वाळलेली तपकिरी पेज नखानं खरवडून धाकटीला भरवत होती.