कादंबरीचा दुसरा भाग

मला आयुष्यात सलग एक महिना नुसतं वाचायला मिळालं, आणि त्यासाठी पाय मोडून घ्यावा लागला.

युद्धाचे दिवस होते. लग्न होऊन मी नगरहून बेलापूरला आले होते. माहेरी मराठी सातवी झालेली, हाताला लागेल ते वाचायची सवय. सासरी आल्यापासून मात्र किराण्याच्या पुडीच्या कागदाखेरीज काही वाचलं नव्हतं. एका चैत्रात माळवदावर कुरडया वाळत घालून उतरताना शिडी सरकली आणि नडगीचं हाड मोडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि माझ्या सासूबाईंना बजावलं, "महिनाभर हिला उठू द्यायचं नाही. वाचता येतं ना हिला? मग पुस्तकं आणून द्या. नाहीतर ही गप्प पडायची नाही."

डॉक्टरीणबाईंचा शब्द, म्हणून पुस्तकं आली. गावात वाचनालय होतं. माझे यजमान तिथं रोज वर्तमानपत्र वाचायला जात. त्यांच्या नावावर घरी पुस्तक आणता येतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं हा माणूस पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून बसत होता आणि घरी एका शब्दानं बोलला नव्हता!

"तू कधी विचारलंस?" ते म्हणाले.

जे आहे हेच ठाऊक नाही, ते विचारायचं कसं? पण म्हटलं, पुस्तक हातात पडू द्यावं, मग भांडावं.

पहिलं आलं ते हिमालयाचं प्रवासवर्णन. त्या लेखकाला हिमालयात जेवणाच्या गैरसोयीपलीकडे काही दिसलंच नव्हतं. त्याची बायको बर्फात चूल पेटवत होती, ते एका ओळीत उरकलेलं. मी चडफडत वाचलं, पण वाचलं. मग एक जाडजूड कादंबरी आली. कोकणातल्या एका गलबतवाल्याची ती गोष्ट. नवरा समुद्रात बेपत्ता होतो, दीर गलबत बळकावायला टपलेले असतात, आणि त्याची बायको स्वतः सुकाणू हातात घेते.

रॉकेल कंट्रोलचं, मोजून मिळणारं, म्हणून वाचायचं ते दिवसाच. दुपारी सासूबाई सूप घेऊन शेजारी निवडत बसत. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतीस? मोठ्यानं वाच की. मला काय कान न्हाईत व्हय?"

त्यांना अक्षरओळख नव्हती. प्रवरेच्या पात्रापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. पण गलबत बंदरातून सुटलं आणि त्यांचं निवडणं थांबलं. हळूहळू गल्लीतल्या बायका येऊन बसू लागल्या. कुणी वाती वळत, कुणी पोर पाजत ऐके. पहिला भाग संपला तेव्हा भर वादळात डोलकाठी मोडली होती आणि ती बाई सुकाणूला बिलगून उभी होती.

दुसरा भाग आणायला यजमान गेले आणि भलतंच एक बारकं पुस्तक घेऊन आले. वाचनालयाचे चिटणीस म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांनी निरोप धाडला होता: ती कादंबरी घरोघरच्या बायका ऐकताहेत असं कानावर आलं आहे, त्यांची डोकी फिरतील, त्याऐवजी हे वाचायला द्या.

मी उघडलं. कुलीन स्त्रीनं हसताना दात दिसू देऊ नयेत. चालताना पावलांचा आवाज करू नये. मी तर चालतच नव्हते! पुस्तक मी खाटेवरून भिरकावलं.

"आणि तुम्ही हे घेऊन आलात?"

"उगाच वाद कशाला?" यजमान म्हणाले.

सासूबाई सूप आपटून उठल्या. "बाई तिकडं बुडाया लागलीया, आन् ह्यो मास्तर दात मोजतूय! गाडी जुंप. सूनबाईला पन घे."

प्लास्टरचा पाय गोधडीवर ठेवून मी बैलगाडीतून वाचनालयापुढे गेले. आत पुरुष मंडळी वर्तमानपत्रं वाचत होती. हातातली पानं खाली झाली. मास्तर पायरीवर आले.

"मास्तर, दुसरा भाग द्या," सासूबाई म्हणाल्या.

"बाई, ते पुस्तक तुमच्या कामाचं नाही. तुमच्या भल्यासाठीच सांगतो."

"तुमी ते वाचलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"वाचल्याशिवाय कसं सांगेन?"

"मग तुमचं डोस्कं फिरलं का?"

आतून कुणीतरी हसलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. मी गाडीतून म्हटलं, "मास्तर, तुम्ही वाचलंत तर तो अभ्यास, आणि आम्ही वाचलं की बिघाड, असं कसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यजमानांना म्हणाले, "पुस्तक तुमच्या नावावर जातं. तुम्ही म्हणाल तर देतो."

सगळे यजमानांकडे पाहू लागले. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मास्तरांचा मला जेवढा राग आला, त्याहून जास्त त्या गप्प राहण्याचा आला. अखेर ते खालमानेनं म्हणाले, "द्या."

दुसरा भाग आम्ही अधाशासारखा वाचला. ती बाई वादळातून निभावली, चार बंदरं फिरली, खलाशी तिचा शब्द झेलू लागले. आणि शेवटच्या प्रकरणात नवरा परत आला! तिनं सुकाणू त्याच्या हाती दिलं, पदर सावरला आणि आनंदाश्रू ढाळत चुलीपाशी गेली. मी पुस्तक मिटलं.

"मेला, आलाच कशाला परत?" सासूबाई म्हणाल्या.

प्लास्टर निघालं, त्या आठवड्यात यजमानांनी पुस्तक परत केलं आणि रिकाम्या हातानं आले. "आता पाय बरा झाला ना? पुस्तक कशाला?"

मी संतापून सासूबाईंकडे पाहिलं. ज्यांनी माझ्यासाठी गाडी जुंपायला लावली, त्या नजर चुकवून म्हणाल्या, "कामं लई तुंबल्यात, सूनबाई." म्हणजे वाचणं हे आजाऱ्याचं पथ्य होतं! पेज बंद, तसं पुस्तकही बंद.

चार दिवस मी धुमसत काम केलं. मग एका दुपारी भांडी आवरून, लंगडत वाचनालयात गेले आणि बाकावर बसून वर्तमानपत्र उघडलं. पुरुष एकेक करून उठले. मास्तरांनी घसा साफ केला, बंद करायची वेळ झाल्यासारख्या खिडक्या लावून घेतल्या. मी सगळं पान वाचून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. घरी यजमानांनी दोन दिवस अबोला धरला. मी धरू दिला.

पुढे मास्तरांनी वाचनालयाच्या ओसरीवर बायकांसाठी एक बाक टाकला, समोर गोणपाटाचा पडदा. जनावराच्या गोठ्याला लावावा तसा. मी तो पडदा गुंडाळून वर बांधला आणि रस्त्यासमोर वाचत बसले. तिथं एका दुपारी सासूबाई येऊन टेकल्या. मला वाटलं, बोलवायला आल्या.

"काय लिवलंय त्यात? मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "आतल्यांना तरास व्हईल म्हनून हळू वाचू नगंस."